ग्रेहाउंड रस्त्यावर लंगडतो, हिरवळीवर नाही: पंजातील कुरूप आणि त्यापलीकडचे

लक्षणे

शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड जातीचा कुत्रा पुढच्या एका पायाने लंगडू लागतो. डांबरी रस्त्यावर, काँक्रीटवर किंवा खडी पसरलेल्या वाटेवर लंगडणे ठळक दिसते, आणि हिरवळीवर पाय पडला की ते इतके कमी होते की मघाशी दिसले तो भास होता की काय, असे वाटावे. फिरायला नेले की तो पदपथ सोडून कडेच्या गवताकडे ओढ घेतो, खडीच्या तोंडाशी थबकतो आणि घरात गालिच्यावरून लाकडी जमिनीवर उतरताना पाऊल जपून टाकतो. दोन-तीन दिवस विश्रांती दिली की सुधारणा दिसते, फिरणे पूर्ववत झाले की दुखणे परत येते. सूज नसते, जखम दिसत नाही, सांधे हलवून पाहिले तरी तो तक्रार करत नाही. क्वचित एखादे बोट चाटत बसतो, पण माझ्याकडच्या ग्रेहाउंडांनी तेवढाही माग कधी ठेवला नाही.

यातले बरेचसे जुळत असेल, तर पंजाच्या गादीत कुरूप असण्याची शक्यता सर्वांत मोठी. आपल्या तळपायाला होते त्याच जातीचे हे दुखणे आहे. घट्टा आणि कुरूप यांत आपण जो फरक करतो तोच इथेही करावा: घट्टा म्हणजे वरवर पसरलेली जाड कातडी, ती सहसा दुखत नाही, कुरूप म्हणजे आत खिळ्यासारखा उतरलेला कठीण गोळा, आणि प्रत्येक पावलाला तो खिळा आत ठोकला जातो. इतर जातींच्या कुत्र्यांत कुरूप फारसे पाहायला मिळत नाही. ग्रेहाउंड, आणि काही प्रमाणात त्याच्याच नात्यातले व्हिपेट व लर्चर, यांच्यात मात्र ते इतके नित्याचे आहे की लंगडणाऱ्या ग्रेहाउंडची तपासणी पंजापासून सुरू न करणे ही चूकच म्हणावी लागेल.

मँचेस्टरजवळच्या आमच्या घरात आजवर तीन निवृत्त ग्रेहाउंड राहिले, शिवाय कायमचे घर मिळेपर्यंत तात्पुरते मुक्कामाला आलेले आणखी काही. पहिली शेवंती, दोन्ही कानांत गोंदलेली अक्षरे असल्यामुळे ती आयर्लंडची हे पहिल्याच दिवशी कळले होते, पण तिच्या उजव्या पंजात कुरूप आहे हे कळायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत खांद्याचे एक्स-रे झाले, वेदनाशामक औषधाचे दोन कोर्स झाले आणि सहा आठवडे सक्तीची विश्रांती झाली. पंजा ओला करून उजेडात मात्र कोणी पाहिला नव्हता, आणि त्या ‘कोणी’मध्ये मीही आलो. पुढे दगडूच्या दोन्ही पुढच्या पायांना कुरुपे झाली आणि मला पाहण्याची सवय लागली. तिसऱ्या कुत्रीच्या, कोयनेच्या वेळी याच सवयीने घात केला. ते पुढे येईलच.

फुकटची तपासणी: जमीन बदलून पाहा

सर्वप्रथम कुत्र्याला तीन प्रकारच्या जमिनीवर, सैल दोरीने, सावकाश चालवावे: गुळगुळीत डांबर, खडी आणि दाट हिरवळ. प्रत्येक ठिकाणी समोरून, बाजूने आणि मागून मोबाइलवर चित्रफीत काढावी. धावायला लावू नये, कारण ग्रेहाउंड धावण्याच्या भरात दुखणे विसरतो आणि तपासणी फसते.

चित्रफीत संथ गतीने पाहताना पायांकडे नव्हे, डोक्याकडे पाहावे. पुढचा पाय दुखत असेल, तर दुखरा पाय टेकतेवेळी कुत्रा डोके वर उचलतो आणि निरोगी पाय टेकतेवेळी ते खाली येते. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ जण डोके ज्या पायावर खाली जाते तोच दुखरा समजतात आणि नको त्या पंजाची तपासणी करत बसतात.

या तपासणीला एक पैसा लागत नाही, आणि तरी सर्वांत महत्त्वाचा निवाडा हीच करते. कुरुपाचे दुखणे जमिनीच्या कठीणपणावर ठरते. हाडाचे, सांध्याचे किंवा स्नायूचे दुखणे हिरवळीवरही बहुधा तसेच राहते. थकव्याने वाढते, उठल्यावर वाढते, पण जमीन बदलल्याने एका पावलात निम्मे होत नाही. म्हणून जमीन बदलूनही लंगडणे तेवढेच राहिले, तर पंजात काहीही सापडो, पुढच्या घरगुती तपासण्या सोडून थेट पशुवैद्यांकडे जावे. हे वाक्य मी कोयनेमुळे शिकलो आहे.

पंजा ओला करून पाहणे

लागणारे साहित्य म्हणजे कोमट पाण्यात बुडवलेले फडके, चांगला टॉर्च आणि बटाट्याच्या उकडलेल्या फोडी. फोडी कुत्र्यासाठी.

ग्रेहाउंडच्या बाबतीत इथे एक सावधगिरी हवी. झोपेत अचानक स्पर्श झाला तर अनेक ग्रेहाउंड दचकून दात मारतात, आणि त्यांचे डोळे अर्धवट उघडे राहत असल्यामुळे जागा कोणता आणि झोपलेला कोणता हे समजत नाही. आयुष्याची पहिली काही वर्षे त्यांनी शर्यतीच्या कुत्र्यांच्या कप्प्यात झोपून काढलेली असतात. झोपेत कोणी येऊन पाय धरील याची त्यांना सवय नसते. आधी नावाने हाक मारावी, डोके हलले की मगच हात लावावा. पाठीवर पडून चारही पाय छताकडे करण्याची त्यांची लाडकी अवस्था तपासणीला आदर्श आहे. फक्त कुत्रा पूर्ण जागा हवा. लहान मुलांना हे काम देऊ नये.

पुढच्या पंजाची मधली दोन बोटे आधी पाहावीत. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, आणि पंजात तो भार मधल्या दोन बोटांवर अधिक येतो. म्हणूनच बहुतेक कुरुपे तिथे सापडतात. गादी कोरडी असताना नव्या कुरुपाची कड दिसत नाही. ओल्या फडक्याने मिनिटभर दाबून धरली की भोवतालची गादी काळपट, मऊ होते आणि कुरूप फिकट, किंचित पारदर्शक, गोल चकतीसारखे उठून दिसते. आकार ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंत असू शकतो. अगदी सुरुवातीला टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका तेवढा असतो, आणि तो चार आठवड्यांनी पुन्हा पाहिल्याखेरीज खात्री होत नाही. म्हणून प्रत्येक गादीचा फोटो तारखेसह ठेवावा.

ठिपका सापडला की अंगठ्याच्या नखाजवळच्या भागाने त्याच्यावर, आणि मग त्याच गादीच्या दुसऱ्या भागावर, सारखाच दाब द्यावा. नेमक्या ठिपक्यावर पाय मागे ओढला गेला आणि शेजारी नाही, तर निदान जवळजवळ पक्के झाले. चारही पंजांवर हाच प्रयोग करावा, कारण काही ग्रेहाउंड नखाला हात लागला तरी किंकाळी फोडतात (त्यांची ती किंकाळी शेजाऱ्यांनी एकदा ऐकली की पुढचे चार दिवस आपल्याला खुलासे द्यावे लागतात), आणि वेदना कोणती व नाटक कोणते हे तुलनेशिवाय ठरवता येत नाही.

पंजा हातात आहे तोवर बाकीचेही पाहून घ्यावे. बोटांमधल्या पातळ पडद्याला चीर गेली आहे का, बोटांच्या फटीत लाल फोड आला आहे का, हे बघावे. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात गवताचे टोकदार कुसळ त्वचेतून आत शिरते आणि वर फक्त एक ओलसर छिद्र ठेवते. असे छिद्र दिसले तर चिमट्याने आत शोधाशोध न करता दवाखाना गाठावा. गादीत काच किंवा खडा रुतला असेल तर तो बऱ्याचदा हुबेहूब कुरुपासारखा दिसतो. अशा वस्तूभोवतीच पुढे कुरूप तयार झाल्याचीही उदाहरणे आहेत.

नखे

हा भाग लोक सौंदर्याचा समजून सोडून देतात. ग्रेहाउंडची नखे लांब राहिली की ती जमिनीला आधी टेकतात, बोट मागे ढकलले जाते आणि गादीवरच्या भाराची जागा बदलते. कुत्रा कठीण जमिनीवर उभा असताना नख जमिनीला टेकलेले नसावे. एकाच बैठकीत खूप कापू नये, कारण लांब नखाबरोबर आतली रक्तवाहिनीही पुढे आलेली असते. आठवड्याला एक-दीड मिलिमीटर घासत गेल्यास ती मागे सरकते. काळ्या नखांसाठी कात्रीपेक्षा कानशी बरी.

एखादे नख उभे चिरलेले असेल तर लंगडण्याचे कारण तेच असू शकते. मात्र एकापेक्षा अधिक पंजांची नखे काही आठवड्यांत सैल होऊन गळू लागली, तर ते कुरूप नव्हे आणि इजाही नव्हे. नखांच्या मुळांवर शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच हल्ला करते असा एक आजार ग्रेहाउंडांमध्ये दिसतो. त्यावर औषधोपचार आहे, पण तो महिनोन्‌महिने चालतो आणि पशुवैद्यांनीच ठरवायचा असतो.

थोड्या पैशांचे उपाय: भार कमी करणे

कुरूप सापडले, लंगडणे हिरवळीवर थांबते आणि पायावर कुठेही सूज नाही, एवढ्या तिन्ही गोष्टी जुळल्या तर दोन-तीन आठवडे घरी उपाय करून पाहायला हरकत नाही.

कुरूप नेमके का होते याबद्दल तज्ज्ञांत अजून एकमत नाही. काही नमुन्यांत पॅपिलोमा विषाणू सापडला आहे, काहींत जुन्या जखमेचा व्रण. पण बहुतेक कुरुपांमागे बोटाचे हाड आणि जमीन यांच्यात गादी चेपली जाणे हे कारण असावे, असे मानणाऱ्यांच्या बाजूने मी आहे. ब्रिटनमधल्या धावपट्ट्या वाळूच्या असतात. निवृत्तीनंतर तोच पंजा रोज दोनदा डांबरावर आपटतो, आणि चरबी जेमतेम असलेल्या या जातीच्या गादीत उशीचे काम करणारे फारसे काही नसते. तेव्हा पहिला उपाय म्हणजे फिरण्याचा मार्ग बदलणे. दुसरा, घरातल्या फरशीवर कुत्र्याच्या नेहमीच्या वाटेने सतरंज्या किंवा योगासनांच्या चटया अंथरणे. तिसरा, मऊ आणि जाड तळव्याचा बूट.

बुटाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे पैसे वाया जाताना मी पाहिले आहेत. गिर्यारोहणासाठी मिळणारे कडक रबरी तळव्याचे बूट उपयोगाचे नाहीत. कुरूप तळव्यावर तसेच टोचत राहते. तळवा दाबला की चेपला जाणारा हवा. माप घेताना पंजा उचललेला नको, कागदावर पूर्ण वजनाने टेकलेला हवा. बूट रस्त्यावर घालावा, घरी येताच काढावा आणि बोटांच्या फटी पुसून कोरड्या कराव्यात. ओल राहिली तर कुरुपावर बुरशीची भर पडते. ग्रेहाउंडच्या मनगटाजवळ मांस असे नसतेच आणि कातडी कागदासारखी पातळ असते, त्यामुळे घट्ट पट्ट्याने अर्ध्या दिवसात व्रण पडतो. दगडूने पहिला बूट चालू नदीत सोडला आणि दुसरा तीन वर्षे वापरला.

रात्री गादीला व्हॅसलीनचा हलका हात द्यावा, आणि आठवड्यातून दोनदा ओल्या कुरुपाचा वरचा थर वज्रीने किंवा नखे घासायच्या कानशीने हलकेच कमी करावा. भोवतालच्या गादीच्या पातळीला आले की थांबावे. कुरूप जाणार नाही, पण जमिनीला आधी टेकणारा उंचवटा गेला की टोचणे कमी होते. अनेक कुत्र्यांचे एवढ्यावर भागते.

काय करू नये, ते स्पष्ट सांगतो. ब्लेडने किंवा नेलकटरच्या टोकाने कुरूप खणू नये. त्याच्या तळाशी जिवंत ऊती असते आणि गादीतून रक्त लवकर थांबत नाही. माणसांसाठी मिळणारी सॅलिसिलिक आम्लाची कॉर्न-पट्टी चिकटवू नये. कुत्रा ती चाटतो, बहुधा गिळतो, शिवाय ते आम्ल निरोगी गादीही जाळते. आयबुप्रोफेन तर कधीच देऊ नये. त्याने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. महाराष्ट्रात घरोघरी असणाऱ्या अंगदुखीच्या गोळ्यांपैकी कित्येकांत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असते. पॅरासिटामॉलही पशुवैद्यांनी मात्रा ठरवल्याशिवाय द्यायचे नाही. चुकून काही दिले गेले असेल तर ते दवाखान्यात लपवू नये, कारण त्यावरून पुढचे वेदनाशामक कोणते आणि कधी द्यायचे हे बदलते.

दवाखान्यातली पहिली पायरी: कुरूप उपटणे

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर कुरूप उपटून काढणे ही पुढची पायरी. कुरुपाची कड बारीक, बोथट हत्याराने भोवती मोकळी करतात आणि आतला कठीण गाभा टोपणासारखा उचलतात. नीट केल्यास रक्त येत नाही, भूल द्यावी लागत नाही आणि कुत्रा अनेकदा त्याच दिवशी सरळ चालत घरी येतो. शेवंतीला आठ महिन्यांनंतर टेबलावरून खाली ठेवले आणि ती दाराकडे डांबरावरून न लंगडता गेली, तेव्हा मला आनंदापेक्षा लाज अधिक वाटली होती.

गाभा मात्र पुन्हा भरतो. काहींना चार आठवड्यांनी, काहींना दहा आठवड्यांनी पुन्हा जावे लागते. हा उपाय नव्हे, देखभाल आहे, असे धरून चालावे. सगळ्याच पशुवैद्यांच्या हाताला याची सवय नसते. वेळ ठरवतानाच ‘ग्रेहाउंडची कुरुपे आपण यापूर्वी काढली आहेत का’ असे विचारणे उद्धटपणाचे नाही. घरी ही क्रिया करून दाखवणाऱ्या चित्रफिती मिळतात, आणि ती शिकून करणारे मालकही मला भेटले आहेत. मी स्वतः करत नाही. पशुवैद्यांकडून एकदाही निदान झालेले नसताना तर कोणीच करू नये.

इथे हात थांबवावा

कोयना नऊ वर्षांची होती. तिच्या डाव्या पुढच्या पंजात कुरूप होते, ते मी ओल्या फडक्याने शोधले होते, दाबल्यावर ती पाय ओढत होती आणि ती लंगडत होती. सगळे जुळले असे मी ठरवले. हिरवळीवर ती आधी सरळ चालायची, पण नोव्हेंबरात तिथेही लंगडू लागली. मी म्हटले, ओल्या थंडीत कुरूप जास्त दुखत असेल. रात्री ती जागा बदलू लागली. मी अंथरूण बदलले. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला हाड किंचित रुंद लागते आहे हे लक्षात आले तेव्हा पाच आठवडे गेले होते. तो हाडाचा कर्करोग होता.

हाडाचा हा कर्करोग, ऑस्टिओसार्कोमा, ग्रेहाउंडांना इतर अनेक जातींपेक्षा जास्त गाठतो. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्याच्या जागा शिकवताना ‘कोपरापासून दूर, गुडघ्याच्या जवळ’ असे सांगतात: म्हणजे पुढच्या पायात खांद्यालगत किंवा मनगटाच्या वर, मागच्या पायात गुडघ्याच्या वर किंवा खाली. ग्रेहाउंडात मांडीच्या हाडाचे वरचे टोकही त्यात धरावे. कीड लागल्यासारखे पोकळ झालेले हाड बाकावरून उतरतानाही मोडू शकते, म्हणून अशा पायाला मालीश करणे किंवा ‘जरा पळवून मोकळा करू’ म्हणणे धोक्याचे आहे. पाय कापून काढला, पण केमोथेरपी दिली नाही, तर मध्यम आयुर्मान चार-पाच महिन्यांचे राहते. केमोथेरपीसह ते दहा ते बारा महिन्यांपर्यंत जाते. उपचारांत किती पुढे जायचे हा निर्णय प्रत्येक घराचा वेगळा असतो. पण निदान लवकर झाले तर वेदना तरी वेळेवर थांबवता येते.

म्हणून पंजात कुरूप सापडले तरी वरच्या पायाची झडती संपत नाही. दर आठवड्याला दोन्ही पुढचे पाय एकाच वेळी दोन्ही हातांत धरून खांद्यापासून बोटांपर्यंत चाचपावेत आणि मग मागचे; दोन हातांना लागणारा फरक डोळ्यांना दिसत नाही. पुढीलपैकी काहीही आढळले तर घरगुती उपाय त्याच दिवशी बंद करून पशुवैद्यांची वेळ घ्यावी: हाडावर कठीण किंवा गरम फुगवटा, हिरवळीवरही तसेच राहणारे लंगडणे, रात्रीची अस्वस्थता, खाण्यावरची वासना जाणे, ताप, पंजातून पू किंवा रक्त, अथवा वेदनाशामक चालू असताना वाढत जाणारे लंगडणे. कुत्र्याने पाय अजिबात टेकला नाही किंवा पाय वाकडा दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. रात्रीचा तातडीचा दवाखाना महाग असला तरी तिथेच जावे.

मागच्या पायाने लंगडणारा ग्रेहाउंड हा या सगळ्यापासून वेगळा विषय आहे. मागच्या पंजात कुरूप होते, पण कमी. ब्रिटनमध्ये शर्यती घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, वळणावर उजव्या मागच्या पायाच्या घोट्यावर मोठा ताण येतो आणि तिथल्या मधल्या लहान हाडाचे मोडणे ही या खेळाची ठरलेली दुखापत आहे. बऱ्याच कुत्र्यांची कारकीर्द त्यामुळेच संपलेली असते आणि वय वाढले की तो सांधा दुखू लागतो. दुसरे कारण कंबरेच्या शेवटच्या मणक्याशी दबलेल्या नसा. असा कुत्रा शेपटीच्या मुळाशी दाबू देत नाही, गाडीत उडी मारायचे टाळतो. दोन्हींसाठी एक्स-रे किंवा त्याहून मोठी तपासणी लागते, घरी करण्यासारखे काही नाही.

एक्स-रे आणि शस्त्रक्रिया

वारंवार उपटूनही कुरूप परत येत असेल तर पंजाचा आणि त्याबरोबर संपूर्ण पायाचा एक्स-रे मागावा. पंजाच्या चित्रात रुतलेली वस्तू किंवा बोटाच्या सांध्याची झीज कळते. वरच्या पायाचे चित्र कशासाठी, ते कोयनेच्या हकिगतीत आले आहे.

शस्त्रक्रियेचे तीन प्रकार प्रचलित आहेत. कुरूप गादीसह कापून टाके घालणे हा जुना प्रकार. ब्रिटनमधील पशुशल्यविशारद माइक गिलियर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी निम्म्याहून अधिक कुरुपे साधारण वर्षभरात परतल्याचे दिसले. बोट काढून टाकणे हा दुसरा; त्यात त्या बोटाचा भार शेजारच्या बोटावर जातो आणि काही काळाने तिथे नवे कुरूप उगवते, म्हणून तो मी अगदी शेवटचा मानतो. तिसरा तुलनेने नवा आणि गिलियर्ड यांच्याच नावाशी जोडलेला आहे: बोट खाली वाकवणारा वरवरचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा) लहानशा छेदातून कापायचा. त्यामुळे बोट थोडे सपाट बसते, गादीच्या नेमक्या त्या बिंदूवरचा दाब सरतो, लंगडणे बहुधा काही आठवड्यांत कमी होते आणि कुरूप स्वतःच सैल होऊन गळते. दगडूच्या दोन बोटांवर हे झाले. बोटे थोडी चपटी दिसतात. त्याला त्याचे काही नव्हते.

कोणतीही शस्त्रक्रिया ठरली की ग्रेहाउंडचे शरीर इतर कुत्र्यांसारखे चालत नाही हे शल्यचिकित्सकांना ठाऊक आहे ना, याची खात्री करावी. थायोपेंटोनसारखी जुनी भूल त्यांच्या शरीरातून फार सावकाश उतरते, कारण ती विघटित करणारे यकृतातील विकर त्यांच्यात कमी असते. रक्ततपासणीत लाल पेशींचे प्रमाण जास्त, प्लेटलेट कमी, क्रिएटिनिन थोडे चढे आणि थायरॉइडचे थायरॉक्सिन कमी दिसणे हे या जातीत निरोगीपणाचेच आकडे आहेत. सर्वसाधारण तक्त्याशी ताडून कोणी मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा आजार ठरवू लागले तर ग्रेहाउंडसाठीचा तक्ता पाहायला सांगावे. हे मी शेवंतीच्या वेळी बोललो नव्हतो आणि तिला नको असलेल्या थायरॉइडच्या गोळ्या महिनाभर मिळाल्या.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट रक्तस्रावाची. ओहायो स्टेट विद्यापीठात ग्विलेर्मो कूटो यांच्या गटाने नसबंदी झालेल्या ग्रेहाउंडांची पाहणी केली, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा कुत्र्यांत शस्त्रक्रियेनंतर ३६ ते ४८ तासांनी रक्तस्राव आढळला. शस्त्रक्रिया सुरळीत होते, कुत्रा घरी येतो, जेवतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त ठिबकू लागते, कारण तयार झालेली गुठळी शरीर वेळेआधी विरघळवते. ट्रॅनेक्झामिक ॲसिड किंवा त्याच जातीचे औषध आधीपासून सुरू केल्यास हा धोका कमी होतो. ते द्यायचे का, हे भूल देण्याच्या आदल्या भेटीत विचारावे. पहिले चार दिवस टाक्यांभोवतीची आणि पोटाखालची कातडी सकाळ-संध्याकाळ उजेडात पाहावी. जांभळट डाग पसरू लागला, बँडेज लाल झाले किंवा हिरड्या फिकट पडल्या तर फोन करून उत्तराची वाट पाहत न बसता कुत्र्याला गाडीत घालावे. बँडेज बाहेर जाताना प्लॅस्टिकने झाकावे, घरात आल्यावर प्लॅस्टिक लगेच काढावे, आणि बोटे सुजली आहेत का हे बँडेजच्या खालच्या तोंडातून रोज पाहावे. त्या बारीक पायांवर घट्ट बँडेज एका रात्रीत कातडी मारते.

दवाखान्यात जाताना गाद्यांचे तारीखवार फोटो, डांबर आणि हिरवळीवरच्या दोन छोट्या चित्रफिती आणि दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव व मात्रा लिहिलेला कागद सोबत न्यावा. तपासणीच्या टेबलावर ग्रेहाउंड भीतीने ताठ उभा राहतो आणि लंगडून दाखवत नाही.